‘बहमनी’ या नामाचा उगम

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची मूळ उभारणी बहमनी राजवटीत झाली असे मानले जाते. त्या राजवटीच्या नावाविषयी मात्र एक समजूत अद्यापि रूढ आहे. ‘बहमनी’ म्हणजे ‘ब्राह्मणी’. संस्थापक हसन हा दिल्लीच्या गंगू नामक ब्राह्मण ज्योतिष्याचा सेवक होता व धन्याच्या स्मरणार्थ त्याने हे नाव धारण केले, अशी ही कथा होय. तिचा प्रसार मुख्यतः फिरिश्त्याने केला. विजापूर दरबारच्या या इतिहासकाराने ती सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे राज्यस्थापनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी लिहिली. तत्कालीन नाणी तिला दुजोरा देत नाहीत. त्यांवर ‘बहमन शाह’ असे आहे, गंगू कोठेही नाही.

भाषेचा पुरावा तर अधिकच निर्णायक आहे. फारसीत ‘ब्राह्मण’ शब्दाचे रूप ‘बरहमन’ असे होते; त्यातील रकार लुप्त होत नाही. रकार गाळून ‘बामण’ म्हणणे ही मराठी जिभेची सवय आहे, आणि म्हणूनच ही व्युत्पत्ती मराठी कानास इतकी सहज पटते. ‘बहमन’ हा शब्द मुळात वेगळाच आहे. अवेस्तातील ‘वोहु मनह्’ याचे मध्य फारसीत ‘वहमन’ झाले आणि आद्य वकाराचा बकार होऊन पुढे ‘बहमन’. ‘वहार’चे ‘बहार’, ‘वहराम’चे ‘बहराम’ हे त्याच नियमाने झाले. संस्कृत सकाराच्या जागी इराणी भाषांत हकार येतो हे ध्यानी घेता ‘वोहु मनह्’ म्हणजे अक्षरशः ‘वसु मनस्’. महाभारतातील ययातीचा दौहित्र वसुमनस् याच्या नावाशी हे शब्दशः जुळते. ‘वसु’चा ‘चांगला’ हा वैदिक अर्थ आपल्याकडे ‘धन’ या अर्थाने झाकला गेला, एवढाच काय तो भेद.

वोहु मनह् म्हणजे सद्विचार. जरथुष्ट्राच्या गाथांत तो कोठे अहुर मज्दाचा गुण वाटतो, तर कोठे स्वतंत्र दिव्य सत्ता. ही संदिग्धता बुद्धिपुरस्सर असावी. नंतरच्या परंपरेत तो ‘अमेशा स्पेन्ता’ या अमर विभूतींपैकी एक व गुराढोरांचा रक्षक ठरला. पारशी पंचांगातील अकरावा महिना त्याचा असून त्या महिन्यात मांसाहार वर्ज्य करण्याची चाल आहे. मुंबईच्या पारशांतील ‘बोमनजी’ हे नावही त्याचेच.

तथापि हसनापुढे ही देवता होती असे समजण्याचे कारण नाही. त्याने वंश सांगितला तो इस्फंदियारपुत्र बहमन या शाहनाम्यातील राजाचा. ही वंशावळही गंगूच्या कथेइतकीच काल्पनिक. परंतु ती राजघराण्याने स्वतः मिरविलेली आहे, म्हणून तिचे मोल निराळे. मुहम्मद तुघलकाविरुद्ध उठून १३४७ मध्ये दौलताबादेस तख्तावर बसलेल्या आणि गुलबर्ग्यास राजधानी नेणाऱ्या सरदारास दिल्लीहून जुने असे कुलगौरव हवे होते. ते त्याला प्राचीन इराणात सापडले.