पाणलोटाची सरहद्द : ब्रियांसों आणि आल्प्समधली पाच खोरी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठून विचारलं, "सर, बाकीच्या सरहद्दी माणसानं आखल्या हे मान्य. पण डोंगर ही तर निसर्गानंच घातलेली कुंपणं, नाही का?" प्रश्न चांगला होता. उत्तर द्यायला मी आज तुम्हाला फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, ब्रियांसों या गावी नेणार आहे.

आपल्याकडं किल्ला म्हटलं की डोंगरमाथा डोळ्यांपुढं येतो. इथं अख्खं जुनं गावच तटबंदीच्या आत आहे. उंची 1,326 मीटर. खाली द्युराँस आणि ग्विझान या नद्यांचा संगम. पूर्वेला थोडं चढून गेलं की मोंजनेव्रची खिंड आणि खिंडीपलीकडं इटली. गावातला मुख्य रस्ता तीव्र उताराचा, आणि त्याच्या मधोमध दगडी पाट वाहतो. घरं लाकडाची, त्यामुळं आगीची भीती कायमची. हे पाणी आग विझवायला हाताशी ठेवलेलं. किल्ला बघायला येणारा माणूस तोफांचे बुरूज बघतो. मला विचाराल तर या गावाचा स्वभाव त्या पाटात आहे. एकाचं घर पेटलं तर ते सगळ्यांनी मिळून विझवायचं.

हा स्वभाव कागदावरही उतरला होता. 1343 साली इथला सत्ताधीश होता दोफिने प्रांताचा अँबेर दुसरा. कर्जात बुडालेला आणि वारस नसलेला. डोंगरातल्या लोकांनी त्याच्याकडून आपले हक्क चक्क विकत घेतले. 12,000 फ्लोरिन रोख आणि पुढं दरसाल 4,000 डुकाट. बदल्यात आपले प्रतिनिधी आपण निवडायचे आणि कराची वाटणी आपसांत करायची. या वाटणीवरूनच त्या खोऱ्यांच्या संघांना ‘एस्कार्तों’ हे नाव पडलं.

असे संघ पाच होते. ब्रियांसों आणि केरास हे दोन डोंगराच्या पश्चिमेला. उल्क्स, प्राजेला आणि शातो-दोफें हे तीन पूर्वेला, आजच्या इटलीत. आता बघा, आल्प्सची मुख्य रांग या संघांच्या बरोबर मधून जाते! पण या लोकांच्या लेखी ती भिंत नव्हतीच. दोन्ही उतारांवर ऑक्सितान भाषा, तीच गुरं, तोच सहा महिन्यांचा बर्फ. हिवाळ्यात शेतीचं काम नसे, तेव्हा इथले शिक्षक खाली मैदानी मुलखात शिकवायला जात. टोपीत एक पीस असलं तर लिहिणं-वाचणं शिकवणार, दोन असली तर हिशेबही, तीन असली तर लॅटिनसुद्धा. 1349 मध्ये दोफिने फ्रान्सच्या राजघराण्याकडं गेला, तरीही पाच संघांचा व्यवहार चालू राहिला.

मग तटबंदी आली कुठून? 1692 हे वर्ष लक्षात ठेवा. जानेवारीत ब्रियांसोंला मोठी आग लागली. त्याच उन्हाळ्यात सॅव्हॉयच्या ड्यूकचं सैन्य दक्षिणेच्या खिंडीतून उतरलं आणि गाप शहर जळालं. चौदाव्या लुईनं आपला दुर्गतज्ज्ञ वोबाँ याला पाहणीला पाठवलं. वोबाँनं ब्रियांसोंचे तट नव्यानं आखले, आणि खाली द्युराँसच्या खोऱ्यात मों-दोफें हे तटबंदीचं गाव तर कोऱ्या पठारावर उभं केलं. लोकांची भीती खोटी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. तट मागणाऱ्या माणसाला आपण सुरक्षित जागी बसून हसू नये.

खरा घाव बसला तो 1713 मध्ये. उट्रेख्टच्या तहात फ्रान्स आणि सॅव्हॉय यांनी नियम ठरवला, तो म्हणजे पाणलोट. ज्या उताराचं पाणी फ्रान्सकडं वाहतं तो फ्रान्सचा, ज्याचं इटलीकडं वाहतं तो सॅव्हॉयचा. नकाशावर किती सोपं! एका वाक्यात तीन संघ तुटले आणि पावणेचारशे वर्षांची सोबत संपली.

यातली तर्कातली चूक बघा. पाणी कुठं वाहतं ही निसर्गाची गोष्ट आहे. माणसं कुणाची, हे त्यातून निघत नाही. मधली पायरी राजांनी घातली आणि नाव निसर्गाचं लावलं. आणि गंमत अशी, की गावासमोरच्या उंचावरचे मोठे किल्ले यानंतरचे, 1720 आणि 1730 च्या दशकांतले. त्या किल्ल्यांना जोडणारा आस्फेल्डचा पूलही त्याच काळातला. एकच कमान आणि खाली पन्नास मीटरहून खोल दरी. म्हणजे भिंतीनं जुनी सरहद्द राखली असं नाही. सरहद्द आधी सरकली, मग तिला भिंत लागली.

पुढं काय झालं? 1815 मध्ये जनरल एबर्लेनं ऑस्ट्रिया आणि सार्डिनियाच्या फौजांना गाव दिलं नाही, हा पराक्रमच. पण 1940 चा जून आठवा. शाबेर्तों शिखरावर, 3,131 मीटरवर, इटलीच्या आठ तोफा ब्रियांसोंकडं रोखलेल्या होत्या. फ्रेंच मॉर्टरनी त्यातल्या सहा निकामी केल्या. तो डोंगर कुठला? जुन्या उल्क्स संघातला. जे एकत्र कर वाटून घेत होते, त्यांच्याच डोंगरावरून त्यांच्याच गावावर तोफा.

2008 मध्ये युनेस्कोनं वोबाँच्या बारा ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात ब्रियांसों आहे, मों-दोफेंही आहे. पण मोंजनेव्रची खिंड निवृत्त झालेली नाही. 2017 पासून आफ्रिका आणि आशियातले निर्वासित बर्फातून ती ओलांडून इथं येऊ लागले. गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी निवारा उघडला. बेकायदा आलेल्याला मदत करणं गुन्हा की कर्तव्य, हा वाद देशभर गाजला. 6 जुलै 2018 रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेनं दक्षिणेकडच्या रोया खोऱ्यातल्या एका खटल्यात निर्णय दिला, की बंधुता हे घटनात्मक तत्त्व आहे आणि माणुसकीपोटी मदत करायला माणूस मोकळा आहे. सरहद्दीच्या आत आणणं मात्र गुन्हाच राहिलं. बंधुता हा शब्द आपल्याही उद्देशिकेत आहे. तो शब्द सरहद्दीपाशी येऊन थांबतो की पुढं जातो, हे आपणही अजून ठरवलेलं नाही.

तर त्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. डोंगर निसर्गानं घातला, कुंपण आपण घातलं. ब्रियांसोंच्या तटाला एक दरवाजा आहे, त्याचं नाव पिन्यरोल. पिन्यरोल हे डोंगरापलीकडचं गाव, आज इटलीत पिनेरोलो म्हणून ओळखलं जाणारं. तट बांधणाऱ्यांनाही दरवाजाला पलीकडच्याच गावाचं नाव द्यावं लागलं, कारण वाट तिकडंच जात होती.