वाडीच्या घाटावर ऐकलेली फातिमा

मागच्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन नृसिंहवाडीला गेले होते. आपल्याकडे नरसोबाची वाडीच म्हणतात. मुलांना कृष्णा-पंचगंगेचा संगम दाखवायचा होता, आणि परतताना कवठाची बर्फी घ्यायची होती, हेही खरंच. घाटावर उभे असताना मागून हाक आली, "फातिमा, पाण्यात जाऊ नको!" माझ्या वर्गातल्या दोन्ही फातिमा एकदम वळल्या. हाक त्यांना नव्हती. गळ्यात क्रॉस असलेली एक बाई आपल्या पाच-सहा वर्षांच्या पोरीला बोलावत होती. गोव्याहून शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांच्याबरोबर आली होती. माझी एक फातिमा म्हणाली, "टीचर, वो तो किरिस्तान हैं ना? फिर फातिमा कैसे?"

तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं. मुलं पाण्याच्या कडेला होती, माझं अर्धं लक्ष तिकडे. उरलेलं इथं लिहिते.

नावाचा अर्थ आधी. अरबीत फ-त-म या धातूचा अर्थ दूध तोडणं, बाळाला अंगावरून सोडवणं. आपल्या पैगंबरांची (स.) लाडकी लेक हजरत फातिमा (रजि.) इ. स. ६३२ मध्ये, वडिलांच्या पाठोपाठ काही महिन्यांत गेल्या. जहरा आणि बतूल ही त्यांचीच बिरुदं. तेव्हापासून आजतागायत हे नाव नाही असा मुस्लिम मुलूख नाही. उच्चार मात्र हजार. आमच्या घरी दादीच्या रेशनकार्डावर 'फातमा' होतं.

अरबांबरोबर हे नाव आठव्या शतकात स्पेन आणि पोर्तुगालमध्ये पोचलं. १४९२ मध्ये ग्रनाडा पडलं, दहा वर्षांत कॅस्टीलच्या मुसलमानांपुढे बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा, एवढेच दोन मार्ग उरले. जे राहिले त्यांना मोरिस्को म्हणत. १५६७ मध्ये राजा दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने ग्रनाडात त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख आणि त्यांची नावंही बंद केली. म्हणजे चर्चच्या वहीत मारिया किंवा इसाबेल, आणि दार लावल्यावर फातिमा, आयेशा. पुढच्याच वर्षी बंड झालं, ते मोडलं गेलं, आणि १६०९ पासून पाच वर्षांत लाखो मोरिस्को देशाबाहेर घालवले. सर्व्हांतेसने १६०५ मध्ये 'दोन किहोते' छापली, तिच्यात अल्जीरियाची सोरायदा नावाची मुलगी आहे. तिला आपलं नाव टाकून मारिया व्हायचं असतं. ती ते आपल्या इच्छेने करते असं पुस्तकात आहे. ज्यांना इच्छा विचारलीच नाही, त्यांची पुस्तकं कोण लिहिणार?

पण माणसांची नावं बदलता येतात, गावांची तितकी सहज नाही. पोर्तुगालमध्ये फातिमा नावाचं एक गाव तसंच राहिलं. तिथे दंतकथा सांगतात की एका सरदाराने फातिमा नावाची मूर राजकन्या पकडून आणली, लग्न केलं, तिचं नाव बदललं. गावाला मात्र तिचं जुनं नाव चिकटलं. कथा खरी असो-नसो, गाव आहे. १३ मे १९१७ रोजी त्या गावाजवळ मेंढरं चारणाऱ्या तीन मुलांनी सांगितलं की आम्हाला मरियम दिसली. १९३० मध्ये तिथल्या बिशपने त्याला मान्यता दिली. पाहता पाहता ती 'फातिमाची माता' झाली, आणि कॅथलिक घरांत मुलींना फातिमा म्हणू लागले: पोर्तुगाल, स्पेन, ब्राझील, मेक्सिको. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होता. मडगावात फातिमा कॉन्व्हेंट आहे. फिलिपने ज्या नावाला बंदी केली ते स्पेनमध्ये परत आलं, तेही मरियमचा हात धरून! आज तिथे वर्गात दोन फातिमा असल्या तर एक मोरोक्कोहून आलेल्या घरातली आणि एक कॅथलिक असू शकते.

वाडीचीही एक राजकन्या आहे. सांगतात की विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी गेली होती, ती इथे येऊन परत मिळाली, म्हणून बादशहाने मंदिर बांधलं आणि पलीकडची औरवाड, गौरवाड ही गावं पूजेसाठी दिली. मंदिराला शिखर नाही, याचं कारणही लोक तेच सांगतात. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकते, पण त्या मुलीचं नाव मला कुणी सांगितलं नाही. गावांची नावं सगळ्यांना पाठ आहेत.

हे सगळं मनात आलं त्याला दुसरंही कारण होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी, हीही फातिमाच. शाळेत तिने फातिमा शेखांवर भाषण केलं होतं. सावित्रीबाई १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतीरावांना ज्या फातिमाच्या कामाबद्दल लिहितात, तिच्यावर. ते भाषण मी बसवून घेतलं होतं. बारावीनंतर ती एका कपड्याच्या दुकानात लागली. पहिल्याच दिवशी मालक सहज, अगदी प्रेमाने म्हणाले, "गिऱ्हाइकाला जड जातं गं, आपण तुला पूजा म्हणू." ती काही बोलली नाही, घरी पगार हवा होता. मला सांगताना हसत होती.

अजून तिथेच आहे. बिलावर सेल्सगर्लचं नाव पूजा छापून येतं. संध्याकाळी घरी पोचली की अम्मी आतून विचारते, "आ गई फातू?"