वाघदेव
वाघदेव : चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत, विशेषतः गोंड समाजात, पूजिली जाणारी व्याघ्रदेवता. गावाच्या सरहद्दीवर वा रानवाटेलगत वृक्षातळी शेंदूर माखलेल्या पाषाणरूपाने तिची स्थापना असून, गुराढोरांचे व रानात जाणाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून तिला नारळ, कोंबडा, क्वचित बोकड व मोहाची दारू अर्पण करतात. प्राचीन ईजिप्तमधील मेंफिसच्या आपिस वृषभाला जिवंतपणीच नैवेद्य मिळे. वाघदेवाच्या पूजेत मात्र तो प्रत्यक्ष प्राण्याला नव्हे, त्याच्या अधिष्ठात्या देवाला अर्पिला जातो, आणि हा भेद मूलगामी होय. याच अरण्यप्रदेशातील ताडोबाचे नाव वाघाशी झुंजताना मृत्यू पावलेल्या तारू नामक ग्रामप्रमुखावरून पडले, अशी आख्यायिका असून, १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या त्या इलाख्यातील तलावाकाठच्या त्याच्या स्थानी पौषात जत्रेची परंपरा आहे.