वजनावरून टोमणे: तब्येतीवर काय परिणाम होतो?

21 फेब्रुवारी 2017, मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो ‘हेवी’ बंदोबस्त अशी कोटी करत ट्विट केला. ते मुंबई पोलिसांतले नव्हतेच, मध्य प्रदेशातले निरीक्षक होते. इन्सुलिनच्या बिघाडामुळे वजन वाढलं, असं त्यांनी सांगितलं. गंमत करणाऱ्यांना हे कुठे माहीत असतं?

असे फोटो जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही फिरतात. हिणवल्याने वजन उतरत नाही. उलट ताण वाढतो, काहींचं खाणं वाढतं आणि ‘डॉक्टर पण बोलतील’ म्हणून दवाखाना टाळला जातो. 2020 मध्ये ‘नेचर मेडिसिन’मधून तज्ज्ञांनी हा भेदभाव थांबवा, असं संयुक्त आवाहन केलं होतं.

तपासणीतही गडबड होते. दंड जाड असेल तर बीपी मोजताना मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यावर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.