नाशिक जिल्ह्यातील घरचे बियाणे आणि पीक वाण संरक्षण कायदा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या बागायती शेतीची ओळख कांदा व द्राक्ष या दोन पिकांनी घडविली आहे. कांद्याची वाढ बियाण्यापासून, तर द्राक्षाची काडी व डोळ्यापासून होते. दोन्ही पिकांचे वाण दीर्घकाळ शेजार, नातेसंबंध व गावगाडा यांच्या आधारे एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले. 2001 च्या कायद्याने वाणांना मालकी हक्क दिला, तेव्हा या देवाणघेवाणीचे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

घरच्या बियाण्याची परंपरा

उन्हाळ कांदा चाळीत साठविल्यानंतर टिकलेले, एकसारख्या रंगाचे व आकाराचे कांदे बियाण्यासाठी निवडले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांची लागवड केली असता त्यांना डोंगळे येतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी बी हाती येते. परागीभवन मधमाश्यांमार्फत होत असल्याने दोन वाणांच्या क्षेत्रांत पुरेसे अंतर ठेवावे लागते. शिवाय कांद्याचे बी अल्पायुषी असते; साध्या साठवणुकीत वर्षभरातच त्याची उगवणशक्ती मोठ्या प्रमाणात घटते. ज्याच्याकडे एखाद्या वर्षी बी झाले नाही, त्याला ते दुसऱ्याकडून घ्यावेच लागते. म्हणूनच कांद्याच्या बाबतीत बी राखून ठेवण्याच्या मुभेपेक्षा ते देण्याघेण्याची व विकण्याची मुभा अधिक मोलाची ठरते.

द्राक्षाचा इतिहासही असाच आहे. थॉमसन सीडलेस या वाणात आढळलेल्या वेगळ्या वेली निवडून तासगाव परिसरात 'तास-ए-गणेश' आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे 'सोनाका' हे वाण पुढे आले. ही निवड बागायतदारांनी केली व नाशिकच्या बागांपर्यंत त्यांचा प्रसार झाला. त्या काळी वाणावर मक्ता सांगण्याची तरतूदच देशात नव्हती.

कायद्याची घडण

1966 च्या बियाणे अधिनियमाने बियाण्याच्या दर्जाचे नियमन केले. तथापि स्वतः पिकविलेले बियाणे स्वतःच्या जागेवरून पेरणीसाठी थेट दुसऱ्याला देणाऱ्या वा विकणाऱ्या व्यक्तीस कलम 24 अन्वये त्यातून सूट दिली. जगात मात्र प्रवाह वेगळा होता. अमेरिकेने 1930 मध्येच काडी-डोळ्याने वाढणाऱ्या वनस्पतींना पेटंट देण्यास आरंभ केला. 1961 च्या 'युपोव्ह' करारात पैदासकाराचे हक्क मान्य झाले आणि 1991 च्या सुधारणेने ते अधिक कडक केले. खाजगी व अव्यापारी वापरास त्यात सूट राहिली. परंतु स्वतःच्या शेतात बियाणे राखण्याची मुभा देणे हे प्रत्येक देशाच्या इच्छेवर सोपविले गेले, आणि ते इतरांना विकण्याचा प्रश्नच उरला नाही.

1995 पासून लागू झालेल्या 'ट्रिप्स' करारानुसार वाणांना पेटंट, प्रभावी स्वतंत्र व्यवस्था किंवा दोन्हींचे संरक्षण देणे भारतावर बंधनकारक झाले. भारताने वनस्पती व बियाणे पेटंटबाहेर ठेवून स्वतंत्र व्यवस्था निवडली. 1999 मध्ये विधेयक लोकसभेत मांडले गेले, संयुक्त संसदीय समितीने त्याची छाननी केली आणि 2001 मध्ये पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम संमत झाला. 2005 मध्ये प्राधिकरण स्थापन झाले. झाडे व वेली यांच्या नव्या वाणांना कमाल 18 वर्षे आणि इतर पिकांच्या नव्या वाणांना 15 वर्षे संरक्षण मिळते.

उत्पादकास काय करता येते

कलम 39 नुसार शेतकऱ्यास संरक्षित वाणाचेही बियाणे, कायद्यापूर्वी करीत होता त्याच रीतीने, राखता, पेरता, पुन्हा पेरता, बदलता, वाटता व विकता येते. मर्यादा एकच आहे : ते संरक्षित वाणाचे असल्याचे दर्शविणारे लेबल लावून, पिशवीबंद स्वरूपात विकता येत नाही. येथे दोन व्याख्या महत्त्वाच्या आहेत. 'शेतकरी' या संज्ञेस धारणक्षेत्राची अट नाही. जमीन स्वतः कसून पीक घेणारी कोणतीही व्यक्ती तीत येते, त्यामुळे परसबागेत भाजीपाला पिकविणाऱ्यासही तिचा आधार घेता येतो. 'बियाणे' या संज्ञेत पुनरुत्पादनक्षम अवयवाचाही समावेश असल्याने द्राक्षाची काडी तिच्या कक्षेत येऊ शकते. अर्थात, संकरित टोमॅटोचे बी राखण्यास कायद्याची आडकाठी नसली, तरी पुढील पिढीत गुण विभागले जातात.

हक्काची कसोटी

2019 मध्ये गुजरातमध्ये पेप्सिको कंपनीने एफसी-5 या बटाटा वाणावरून शेतकऱ्यांविरुद्ध दावे दाखल केले आणि टीकेनंतर मागे घेतले. त्यामुळे त्या दाव्यांतून शेतकऱ्यांच्या हक्कावर निकाल लागलाच नाही. 2021 मध्ये प्राधिकरणाने वाणाची नोंदणी रद्द केली. जानेवारी 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय बाजूला सारला. तो वाद नोंदणीच्या वैधतेचा होता.

नाशिकच्या द्राक्षशेतीत प्रश्नाचे स्वरूप आणखी वेगळे आहे. मोहाडी येथील सह्याद्री फार्म्समार्फत 'आरा' मालिकेतील परदेशी वाण परवान्याने बागांत आले. निर्यातीच्या बाजारात अशा वाणांना मागणी आहे आणि पैदासकाराच्या दीर्घ परिश्रमास मोबदला मिळणे न्याय्यही आहे. परंतु परवाना पद्धतीत उत्पादकावरील बंधन कायद्याबरोबर करारातूनही येते. कलम 39 चे प्राबल्य 'या अधिनियमात काहीही असले तरी' अशा शब्दांत सांगितले आहे. स्वतःच्या सहीने स्वीकारलेल्या करारासमोर ते कितपत टिकेल, याचे उत्तर त्या शब्दांत नाही.

समारोप

2001 च्या कायद्याने शेतकऱ्यास नवा हक्क बहाल केला, यापेक्षा जुन्या रिवाजास त्याने लेखी मान्यता दिली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. 'पूर्वीच्याच रीतीने' हे कायद्याचे शब्द त्या रिवाजाकडेच बोट दाखवितात. मात्र रिवाजावर उभा असलेला हक्क रिवाज चालू असेपर्यंतच अर्थपूर्ण राहतो. कांद्याचे डोंगळे लावणारी घरे आहेत तोवर त्या हक्काला नाशिकमध्ये आधार आहे. द्राक्षबागेत मात्र तो काय उरतो, हे बागायतदार करारावर सही करतो त्या क्षणी ठरू लागते. म्हणून वाण निवडण्याइतकेच करार वाचणे हेही आता शेतीचे काम झाले आहे.