तव्याविना घट्ट झालेलं अंडं

कारंजा म्हटलं की पुष्कळांना कारंजा लाडच आठवतं. तुम्ही आहात ते वर्धा जिल्ह्यातलं, घाडग्यांचं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. संध्याकाळ झालीय, अंडाबुर्जीच्या गाडीपाशी उभे आहात. तव्यावर पडताच अंडं पांढरं होतं. आचेनं प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि सुटलेल्या साखळ्या एकमेकींत अडकतात. आता आच विझवा आणि १९१४ सालात चला.

हार्वर्डमध्ये पर्सी ब्रिजमन अंड्याचा पांढरा भाग दाबाखाली ठेवतोय. हवेच्या दाबाच्या पाच हजार पट : जरासं घट्ट. सात हजार पट, अर्धा तास : बाहेर काढलेला गोळा स्वतःच्या भारावर उभा राहतो. गंमत म्हणजे वीस अंशांपेक्षा शून्य अंशाला तो लवकर घट्ट होतो. बुर्जीवाल्याला सांगून पाहा, पटायचं नाही.

पण हे प्रथिन बिघडलं. न बिघडवता दाबायचं तर १९८७ गाठा, येल विद्यापीठ. कुंड्रोट आणि रिचर्ड्स यांनी त्याच पांढऱ्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाचा स्फटिक बेरिलियमच्या कुपीत ठेवलाय. रेणूची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरणांना हा धातू फारसा अडवत नाही. दाब फक्त हजार पट. तुम्ही अणूएवढे व्हा आणि रेणूच्या मधल्या खाचेत उतरा. साखळीत १२९ अमिनो आम्लं. एका अंगाची, ४० ते ८८ क्रमांकांची, जागची हलत नाहीत म्हटलं तरी चालेल. दुसरं अंग मात्र चेपतंय. सगळा रेणू मिळून आकारमान अर्ध्या टक्क्यानंही घटत नाही. तेवढ्यावरून कळतं की ताठ कुठं आहे आणि लवचीक कुठं. प्रथिन एरवी सतत डुलत असतं, क्ष-किरणांना त्याची सरासरी दिसते. दाब कमी जागा घेणाऱ्या ठेवणीकडे त्याला झुकवतो.

२००३. तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी ग्लायसीन, म्हणजे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, हिऱ्यांच्या चिमटीत धरलंय. २३ गिगापास्कल, हवेच्या सव्वादोन लाख पट, आणि स्फटिकाची रचना तीच! विटा इतक्या पक्क्या, मग इमारत काही हजारांतच का ढासळावी?

त्यासाठी २००५. टी-४ विषाणूच्या लायसोझाइममध्ये मुद्दाम एक पोकळी केलीय, भिंती तेलकट, पाण्याला नकोशा. साध्या दाबाला ती रिकामी. दोन हजार पटीपर्यंत चढवा : पाण्याचे सुमारे चार रेणू आत शिरतात, तेही एकमेकांच्या आधारानं, आणि प्रथिनाची ठेवण जवळपास तशीच राहते. पोकळी चेपत नाही, भरते. दाबाखाली प्रथिनं उलगडतात ती गाभ्यात असं पाणी घुसल्यानं, हा तर्क आधीपासून होताच. इथं ते पाणी आत शिरताना दिसलं.