उमेदवाराचा धर्म आणि मतदाराचा विवेक

अमेरिकेच्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात एक छोटेसे कलम आहे. शासनातील कोणत्याही पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही, असा त्याचा आशय. हे बंधन शासनावर आहे, मतदारावर नाही. मतपत्रिका हाती घेतलेला नागरिक उमेदवाराला हवी ती कसोटी लावू शकतो, आणि श्रद्धाळू नागरिकाने ती लावावी यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की ही कसोटी नेमकी कशाची? उमेदवाराच्या श्रद्धेची, त्याच्या आचरणाची, की एखाद्या प्रश्नावरील त्याच्या भूमिकेची? गेल्या शंभर वर्षांतील अमेरिकन अध्यक्षीय निवडणुका पाहिल्या तर या तीन गोष्टी हळूहळू एकमेकींपासून सुटत गेलेल्या दिसतात. त्या सुटण्याचे सर्वांत ठळक कारण गर्भपाताचा प्रश्न हे होय.

सुरुवात १९२८ पासून करणे सोयीचे आहे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ हे एखाद्या प्रमुख पक्षाने अध्यक्षपदासाठी उभे केलेले पहिले कॅथलिक उमेदवार. त्याच्या आदल्या वर्षीच 'अटलांटिक मंथली' या मासिकात त्यांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध झाले होते. रोमच्या आज्ञेला बांधलेला माणूस संविधानाशी एकनिष्ठ कसा राहील, हा त्यातील रोख. स्मिथ यांनी त्याच मासिकात उत्तर दिले. पण निवडणुकीत ४८ पैकी अवघी ८ राज्ये त्यांच्या वाट्याला आली. पराभवाला दारूबंदीचा वाद आणि तेव्हाची आर्थिक भरभराट हीही कारणे होती. तरीही डेमोक्रॅटिक पक्षाचे बालेकिल्ले मानली जाणारी टेक्सस, व्हर्जिनिया, फ्लोरिडा यांसारखी दक्षिणेतील राज्ये त्या वर्षी ढळली, त्यात प्रॉटेस्टंट मतदाराच्या भीतीचा वाटा मोठा होता. येथे गर्भपाताचा उल्लेखही नाही. माणूस कोणत्या चर्चमध्ये गुडघे टेकतो, एवढाच सवाल होता.

१९६० मध्ये जॉन केनेडी यांच्यासमोर तोच सवाल उभा राहिला. १२ सप्टेंबर रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांच्या सभेत त्यांनी केलेले भाषण वक्तृत्वाचा नमुना म्हणून आजही अभ्यासले जाते. आपण कॅथलिकांचे उमेदवार नसून डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत आणि योगायोगाने कॅथलिक आहोत, ही त्यातील मध्यवर्ती मांडणी. संततिनियमन, घटस्फोट, सेन्सॉरशिप, जुगार अशा विषयांवर आपण राष्ट्रहित पाहून निर्णय घेऊ, चर्चचा दबाव मानणार नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र आणखी एक वाक्य बहुधा दुर्लक्षिले जाते. विवेकाचा भंग किंवा राष्ट्रहिताचा भंग यांपैकी एक अटळ ठरला तर आपण राजीनामा देऊ, असेही ते म्हणाले होते. म्हणजे विवेक त्यांनी दाराबाहेर ठेवला नव्हता. तो आणि पद यांत संघर्ष उद्भवणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. केनेडी सव्वा लाखाहून कमी मताधिक्याने निवडून आले. गॅलपच्या अंदाजानुसार ७८ टक्के कॅथलिकांनी त्यांना मत दिले. ह्यूस्टनमध्ये वाचलेल्या विषयांच्या यादीत गर्भपात नव्हता, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

२२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात ७ विरुद्ध २ अशा बहुमताने गर्भपाताचा संविधानिक हक्क मान्य केला. त्या वेळचे धार्मिक चित्र आजच्या वाचकाला चकित करणारे आहे. कॅथलिक बिशपांचा विरोध तत्काळ आणि स्पष्ट होता. परंतु पुढे या लढ्याचे अग्रणी ठरलेल्या सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने १९७१ मध्ये बलात्कार, रक्तसंबंधातील अत्याचार, गर्भातील गंभीर विकृती किंवा मातेच्या शारीरिक, मानसिक, भावनिक आरोग्याला असलेला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायदेशीर वाव असावा, असा ठराव केला होता. गर्भपातविरोध हे अनेक प्रॉटेस्टंटांच्या दृष्टीने कॅथलिकांचे प्रकरण होते. इतिहासकार डॅनियल विल्यम्स यांनी दाखविल्याप्रमाणे 'रो'पूर्वीच्या या चळवळीत कल्याणकारी राज्याचा पुरस्कार करणारे उदारमतवादी कॅथलिक मोठ्या संख्येने होते. दुर्बलाचे रक्षण हे त्यांच्या दृष्टीने एकच सूत्र होते; कामगार, गरीब आणि गर्भ हे सारे त्यात बसत.

मग इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट या लढ्यात आले कसे? रँडल बाल्मर यांच्या मते त्यांच्या राजकीय संघटनाची मूळ ठिणगी गर्भपात नव्हे, तर वंशभेद पाळणाऱ्या धार्मिक शिक्षणसंस्थांची करसवलत काढून घेण्याचे सरकारी धोरण ही होती. इतर अभ्यासक लैंगिक नीती आणि कुटुंबव्यवस्था यांविषयीच्या अस्वस्थतेला अधिक महत्त्व देतात. हा वाद मिटलेला नाही. मात्र १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने मातेचा जीव वाचविण्यापुरता अपवाद ठेवून गर्भपातबंदीची मागणी केली, हा क्रम निर्विवाद आहे.

याच पार्श्वभूमीवर १९८० ची निवडणूक पाहावी. जिमी कार्टर हे रविवारच्या शाळेत बायबल शिकविणारे, स्वतःला नवजन्म पावलेला ख्रिस्ती म्हणविणारे बॅप्टिस्ट. गर्भपाताला त्यांचा व्यक्तिशः विरोध होता, पण तो रोखण्यासाठी संविधानदुरुस्ती करावी हे त्यांना मान्य नव्हते. याच कारणावरून १९७६ मध्ये कॅथलिक बिशपांनी त्यांच्याशी झालेल्या भेटीनंतर निराशा व्यक्त केली होती. समोर रोनाल्ड रेगन होते. घटस्फोटित, चर्चमध्ये क्वचित जाणारे, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केलेले. पुढे त्यांनी त्या सहीबद्दल खेद व्यक्त केला आणि गर्भपातविरोधी भूमिका घेतली. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांचा कल आपल्यातल्याच कार्टर यांच्याकडून रेगन यांच्याकडे वळला. महागाई आणि इराणमधील ओलीस ही कारणे होतीच. पण उमेदवाराच्या भक्तीपेक्षा त्याची भूमिका मोलाची, हा हिशेब येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. स्मिथ यांना विचारलेला प्रश्न आता उलटा झाला होता.

'व्यक्तिशः विरोध, परंतु' ही शब्दयोजना त्यानंतर अमेरिकन राजकारणात रूढ झाली. तिचे सर्वांत गंभीर समर्थन १३ सप्टेंबर १९८४ रोजी नोत्र दाम विद्यापीठात न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारियो कुओमो यांनी केले. त्या वर्षी उपाध्यक्षपदाच्या उमेदवार जेराल्डिन फेरारो आणि न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ओकॉनर यांच्यात याच प्रश्नावरून जाहीर खडाजंगी चालू होती. कुओमो यांचा युक्तिवाद असा: चर्चची शिकवण मला मान्य आहे, परंतु ती बहुधर्मीय समाजाच्या कायद्यात आणावी का आणि कशी, हा धर्मसिद्धान्ताचा नसून व्यावहारिक विवेकाचा प्रश्न आहे. यादवी युद्धापूर्वी अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी गुलामगिरीबाबत असाच सावध पवित्रा घेतला होता, याचा दाखलाही त्यांनी दिला. विरोधकांनी हाच दाखला त्यांच्यावर उलटविला. ते मौन आज भूषणावह वाटते काय, असा त्यांचा सवाल होता. दोन्ही बाजू वजनदार आहेत. गर्भ हा मनुष्य आहे असे खरोखर मानणाऱ्याने त्याचे रक्षण खाजगी मत म्हणून बाजूला ठेवणे कठीण. आणि ज्या देशात लाखो नागरिक तसे मानत नाहीत, तेथे स्त्रीच्या देहावर कायद्याची सक्ती करणे हीदेखील नैतिकदृष्ट्या साधी गोष्ट नव्हे. 'परंतु' या एका अव्ययावर इतका भार क्वचितच कोठे पडला असेल.

२००४ मध्ये हा भार धर्मसंस्काराच्या वेदीपर्यंत पोहोचला. डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी हे मिस्साला जाणारे कॅथलिक, पण गर्भपाताच्या हक्काचे समर्थक. सेंट लुईसचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी त्यांना आपण कम्युनियन देणार नाही असे जाहीर केले. बिशपांच्या परिषदेने मात्र हा निर्णय प्रत्येक बिशपावर सोपविला. त्या उन्हाळ्यात कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी अमेरिकन बिशपांना पाठविलेल्या टिपणात सामान्य मतदाराविषयी एक सूक्ष्म भेद होता. उमेदवार गर्भपाताचा समर्थक आहे म्हणूनच त्याला मत देणे हे दुष्कृत्यातील सहभाग होय. परंतु ती भूमिका अमान्य असूनही अन्य कारणांसाठी मत देणे हे दूरचे साहाय्य असून तेवढीच गंभीर कारणे असतील तर ते क्षम्य ठरू शकते. म्हणजे मताची नैतिकता मतदाराच्या हेतूत आहे. हा भेद प्रवचनांतून आणि प्रचारपत्रकांतून मतदारापर्यंत जाताना दोन्ही बाजूंनी सोयीनुसार छाटला गेला. मतदानोत्तर पाहणीनुसार कॅथलिकांची ५२ टक्के मते बुश या मेथडिस्टाला आणि ४७ टक्के केरी या कॅथलिकाला पडली. १९६० चे स्वधर्मीय मतदान आता इतिहासजमा झाले होते.

१९८० मध्ये सुरू झालेला हिशेब २०१६ मध्ये टोकाला गेला. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९ मध्ये दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत आपण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे आहोत असे सांगितले होते. त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी भाविकांना भ्रम नव्हता. परंतु त्यांनी न्यायाधीशांच्या नावांची यादीच जाहीर केली, आणि गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८० टक्के मतदार त्यांच्यामागे उभे राहिले. त्यांनी नेमलेले तीन न्यायाधीश बहुमतात असताना २४ जून २०२२ रोजी 'डॉब्स' निकालाने 'रो' रद्द झाला. त्या वेळी अध्यक्षपदी असलेले जो बायडेन हे देशाचे दुसरे कॅथलिक अध्यक्ष त्या निकालाचे विरोधक होते, हा या कथेतील आणखी एक विपर्यास.

यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. प्रश्न राज्यांकडे गेला आणि अनेक ठिकाणी थेट मतदाराला विचारला गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये रिपब्लिकन वळणाच्या कॅन्सस राज्यात सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क काढून घेणारी दुरुस्ती फेटाळली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसूरीत गर्भपाताच्या हक्काला निसटते बहुमत मिळाले, आणि त्याच दिवशी त्याच राज्याने ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मते दिली. उमेदवार आणि प्रश्न वेगवेगळ्या चौकटींत आल्यावर हजारो मतदारांनी त्यांना वेगवेगळी उत्तरे दिली. चाळीस वर्षे उमेदवाराची गर्भपातविषयक भूमिका ज्या तराजूत तोलली जात होती, त्यात केवळ गर्भपात नव्हता, असे यावरून म्हणावे लागते. ती भूमिका 'हा आपला माणूस आहे' याची खूणही झाली होती, जशी १९२८ मध्ये चर्चची निवड ही एक खूण होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांना अमेरिकन निवडणुकीविषयी विचारण्यात आले. एक उमेदवार स्थलांतरितांना हाकलतो, दुसरा गर्भपाताचा पुरस्कार करतो, दोघेही जीवनाच्या विरोधात आहेत. कमी वाईट कोण ते प्रत्येकाने आपल्या विवेकाने ठरवावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. काहींना हे उत्तर पळवाट वाटले. परंतु 'रो'पूर्वीच्या त्या जुन्या कॅथलिक चळवळीचे सूत्र त्यात ऐकू येते: दुर्बल एकच नसतो. त्यांतला कोणता दुर्बल आपल्या मताने उघड्यावर पडणार आहे, हे ठरविण्याचे ओझे श्रद्धाळू मतदाराच्या खांद्यावरून चर्चला उतरविता आलेले नाही, आणि पक्षालाही नाही.